सिनेमातून राहून गेलेलं पान

आलापल्लीच्या आमच्या वाचनालयात चार हजार पुस्तकं आहेत आणि वाचणारी माणसं नऊ. त्यातली पाच पेपर चाळून जातात. दोन मुलं स्पर्धा परीक्षेची. ती पुस्तक वाचत नाहीत, पाठ करतात. आठवी मी, कारण मी तिथली ग्रंथपाल आहे आणि दुपारभर माशा मारत बसण्यापेक्षा कादंबरी बरी. नववे लटारूभाऊ निकोडे. त्यांच्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं, पण ते डोळ्यांसमोर आले की मला त्या सिनेमाचा राग येतो आणि लिहिणं बाजूला राहतं. आज राग आवरून बसले आहे. किती वेळ आवरतो ते पाहू.

लटारूभाऊ लाकडाच्या डेपोत नंबर घालतात. जंगलातून सागाची लाकडं येतात, त्यांची गोलाई मोजली जाते, थप्प्या लागतात आणि प्रत्येक लाकडाच्या तोंडावर रंगानं नंबर पडतो. हे नंबर घालणं लटारूभाऊंचं. तीस वर्षांत त्यांचा एक नंबर चुकला नाही. लिलावाला येणारे व्यापारी तसे कुणावर विश्वास ठेवणारे नव्हेत, पण लटारूभाऊंचा हात ओळखला की पुन्हा मोजायला जात नाहीत. मी एकदा मुद्दाम पाहायला गेले होते. लटारूभाऊ नंबर घालत, चार लाकडं पुढे जात, मागे येत, तोच आकडा बोटानं हवेत गिरवत आणि मगच पाचव्या लाकडाकडे वळत. कामावर इतका जीव असलेला माणूस मी पाहिला नव्हता. तसं मी त्यांना म्हटलंही. त्यावर ते नुसते खाली बघत राहिले.

ते खाली का बघत होते ते मला दोन वर्षांनी कळलं.

घरीही त्यांचं हेच चालायचं. सकाळी डेपोला निघताना दाराची कडी लावायची, सायकलपर्यंत जायचं, परत येऊन कडी ओढून पाहायची. पुन्हा सायकल, पुन्हा कडी. बरा दिवस असला तर पाच वेळा, वाईट असला तर वीस. कधी भरदुपारी डेपोतून सायकल मारत घरी यायचे, घामेजलेले, आणि बायकोला एकच विचारायचे, "कोणी आलं होतं का?"

आता ज्या नवऱ्यानं भरदुपारी घरी येऊन असं विचारावं, त्याच्याबद्दल गल्ली काय समजेल? लटारू संशयी आहे, बायकोवर पहारा ठेवतो, असा बोभाटा झाला. मनकर्णाबाई ही खमकी बाई. भाताच्या रोवणीला उभी राहिली तर दोघींचं काम एकटी उरकते, तोंडानंही कुणाला हार जात नाही. पण या गोष्टीनं ती आतून खचली. तिनं दारात बसणं सोडलं, शेजारच्या पुरुषांशी बोलणं सोडलं. आष्टीचा तिचा भाऊ धनराज तिला न्यायला दोनदा आला. दोन्ही वेळा ती गेली नाही, कारण ती गेली असती तर लोक म्हणाले असते, होतंच काहीतरी. ती नांदली, मुलगी दिव्यानीला वाढवलं, तिचं लग्न लावलं. नवऱ्याला मात्र तिनं माफ केलं नाही. बावीस वर्षं.

लटारूभाऊ वाचनालयात पहिल्यांदा आले ते लिलावाची जाहिरात पेपरात आली का पाहायला. पेपर दुसऱ्याच्या हातात होता म्हणून त्यांनी समोरचं पुस्तक उचललं. 'सत्तावीस पायऱ्या' नावाची जुनी कादंबरी होती, पुठ्ठा निघालेली, माझ्याशिवाय कुणी न वाचलेली. तिच्यात एक पोस्टातला कारकून आहे. तो कुलूप लावतो, सत्तावीस पायऱ्या मोजत उतरतो, मोजणी चुकल्यासारखी वाटली की परत वर जातो, कुलूप ओढून पाहतो. दोनशे पानांत एवढंच घडतं. बाकी सगळं त्याच्या डोक्यात. असं पुस्तक हातात धरवत नाही म्हणणारे पुष्कळ असतील. त्यांनी धरू नये.

लटारूभाऊंनी ते घरी नेलं. परत आणून दिलं आणि पुन्हा नेलं. त्या पुस्तकाच्या मागच्या कागदावर लागोपाठ अकरा वेळा त्यांचंच नाव आहे. अकराव्या वेळी ते टेबलापाशी थांबले आणि म्हणाले, "पुनमबाई, हा मानूस मी आहो."

मी विचारलं, म्हणजे काय? पुस्तक उघडून त्यांनी पान त्रेसष्ट माझ्यासमोर धरलं आणि दोन वाक्यांवर बोट ठेवलं. 'कुलूप नीट लागलं नाही तर ती मरेल. आणि हे तिला सांगितलं तर नक्की मरेल.' कादंबरीतली 'ती' म्हणजे कारकुनाची बायको.

मला सगळं लख्ख दिसलं. या माणसानं बावीस वर्षांत बायकोवर एकदाही संशय घेतला नव्हता. कडी लागली नसेल, उघड्या दारातून काहीतरी आत शिरेल आणि मनकर्णा मरेल, ही भीती त्यांच्या मानेवर बसलेली होती. 'कोणी आलं होतं का' म्हणजे 'तू जिवंत आहेस ना' एवढंच ते विचारत होते. आणि ते तोंडानं सांगायची सोय नव्हती, कारण सांगितलं तर ती मरणारच, असं त्याच भीतीचं म्हणणं. आपला नवरा आपल्याला बदफैली समजतो असं बायकोला वाटतंय, हे त्यांना माहीत होतं. तिला तसं वाटू दिलं, पण तिचा जीव धोक्यात घातला नाही. मी त्या दिवशी वाचनालय लवकर बंद केलं आणि घरी जाऊन रडले.

मी त्यांना गडचिरोलीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, आजार आहे, गोळ्यांनी उतरतो, पण वेळ लागेल. गोळ्या सुरू झाल्या. घरी त्यांनी बीपीच्या आहेत म्हणून सांगितलं. वीसच्या जागी कडी आठ वेळा ओढू लागले, तरी बायकोला सांगणं जमेना. मी म्हटलं, मी सांगते. तेही नको, कारण माझ्या तोंडून गेलं तरी सांगितल्यासारखंच. कादंबरी तेवढी वाचून दाखवायला त्यांची ना नव्हती, ती परक्या माणसाची गोष्ट होती. मनकर्णाबाईंनी दोन पानं ऐकली आणि मला चहा करून दिला. पुस्तकात कोणी काहीही लिहितं, असं त्यांचं मत पडलं.

पण याच मनकर्णाबाई मंडईच्या जत्रेतल्या नाटकात सुनेला छळणाऱ्या सासूला दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर गाठून फैलावर घेतात. डोळ्यांनी पाहिलं की त्यांच्या लेखी ते खरं. म्हणून दिव्यानीनं मोबाइलवर 'सत्तावीस पायऱ्या'वर सिनेमा येतोय अशी जाहिरात पाठवली, तेव्हा लटारूभाऊ ती मला दाखवायला धावत आले. धावत आलेले मी त्यांना त्याआधी कधी पाहिले नव्हते. "आता तिले दिसंल," ते म्हणाले. "मले बोलाचं काम नाई."

दिवाळीच्या आधी सिनेमा चंद्रपूरला लागला. आम्ही तिघं सकाळच्या बसनं निघालो. मनकर्णाबाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती. नवऱ्यानं आपण होऊन सिनेमाला नेण्याची ही पहिलीच वेळ. कडी त्यांनी त्या सकाळी किती वेळा ओढली ते मी मोजलं नाही. दुपारच्या खेळाला आम्ही मधल्या रांगेत बसलो. लटारूभाऊंनी पुस्तक पिशवीत आणलं होतं.

आता तो सिनेमा. पोस्टातल्या कारकुनाचा त्यांनी बंगलेवाला केला होता. सत्तावीस पायऱ्यांपैकी तीन उरल्या होत्या, त्याही संगमरवरी. तरी मी म्हटलं, असू दे, माणूस तोच असेल. तो परत येऊन कुलूप ओढू लागला तेव्हा लटारूभाऊ पुढे सरकून बसले. पण सिनेमावाल्यांना कारण हवं होतं. कादंबरीत कारण नाही, लटारूभाऊंच्या भीतीलाही नाही. एका सकाळी ती आली आणि बसली. मनात असं काही विनाकारण शिरतं हे दाखवायला धीर लागतो. तो नसला की मग एक सोपं कारण सापडतं. त्यांना सापडलं. बायकोचा कॉलेजातला मित्र. नवरा कुलूप ओढतो कारण त्याला बायकोचा संशय आहे. शेवटी तो भरदुपारी घरी येतो, तर मित्र पलंगावर. म्हणजे संशय खराच निघाला. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. ज्यानं कुणी हे लिहिलं, त्यानं पान त्रेसष्ट वाचलं असेल यावर माझा आजही विश्वास नाही.

दिवे लागले. मनकर्णाबाई पदर सारखा करून उभ्या राहिल्या. "मंग असंच होतं ना तुमच्या मनात," त्या म्हणाल्या. "हेच दाखवाले आनलं मले इतक्या दूर."

लटारूभाऊ उठून तडक मॅनेजरच्या खोलीकडे निघाले. मी मागे.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. झाडीपट्टीत नाटक गाव बोलावतं. कंपनीनं एखादा प्रवेश गाळला तर गावच्या मंडळाची माणसं मॅनेजरला धरतात आणि राहिलेला प्रवेश करून घेतात. लटारूभाऊंच्या गावानं एकदा पळायच्या बेतात असलेल्या कंपनीकडून शेवटचा प्रवेश असाच वसूल केला होता. त्याच रीतीनं लटारूभाऊंनी थिएटरच्या मॅनेजरसमोर पुस्तक उघडून ठेवलं आणि शांतपणे सांगितलं की पान त्रेसष्ट राहून गेलं आहे, उद्याच्या खेळात घाला, बायकोला पुन्हा घेऊन येतो.

तो पंचविशीतला पोरगा. तो हसला. सिनेमा मुंबईहून येतो, आम्ही फक्त लावतो, म्हणाला. मग मुंबईला फोन लावा, लटारूभाऊ म्हणाले. बाहेर पॉपकॉर्नच्या रांगेतली माणसंही हसायला लागली. मी लटारूभाऊंचा दंड धरून त्यांना बाहेर काढलं, कारण मला लाज वाटत होती. लाज वाटल्याची लाज पुढे आठवडाभर वाटली. त्या इमारतीत त्या दिवशी नाटक-सिनेमाची खरी किंमत ठाऊक असलेला माणूस एकच होता, आणि त्याला मी ओढत बाहेर आणलं.

परतीची बस आष्टीला थांबली तेव्हा मनकर्णाबाई उठल्या. "मी धनराजकडं राह्यतो," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, नवऱ्याकडे नाही. बावीस वर्षांत जे केलं नव्हतं ते त्यांनी एका सिनेमापायी केलं. लटारूभाऊ खिडकीतून बघत राहिले. बस सुटल्यावर त्यांनी पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं, जमा करून घ्या म्हणाले.

दिवाळी तशीच गेली. बाई आल्या नाहीत. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, पाहुणे, जिलेबी, आणि मांडवात दंडार, म्हणजे गावातल्याच माणसांनी उभं केलेलं गाण्या-सोंगांचं नाटक. लटारूभाऊंचं मूळ गाव चामोर्शीच्या बाजूला. सासरच्या मंडईला मनकर्णाबाई येणार हे नक्की होतं, भांडण कितीही असलं तरी मंडई चुकवत नाहीत. मंडईच्या आदल्या दिवशी लटारूभाऊंनी फोन करून दंडार बसवणाऱ्या नानाजींकडे अर्धा तास मागितला. नानाजींनी विचारलं, तुला येतं काय? लटारूभाऊ म्हणाले, काही येत नाही. नानाजी म्हातारे, अनुभवी, त्यांनी वेळ दिला.

मंडईच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले तर दारात पिकअप उभी आणि लटारूभाऊ बिजागरीतून दार काढत होते. घराचं पुढचं दार, सागाचं, कडीसकट. ते त्यांनी पिकअपमध्ये आडवं ठेवलं आणि शेजारी बसले. मागे घर सताड उघडं. आत चूल दिसत होती, मनकर्णाबाईंच्या साड्या दोरीवर दिसत होत्या. मी म्हटलं, भाऊ, कुणाला तरी बसवून जाऊ. ते म्हणाले, "कोणी बसलं त मंग काय मतलब." गाडी सुरू झाली तेव्हा त्यांचे दोन्ही हात कडीवर होते आणि कपाळावर घाम, तोही थंडीच्या सकाळी. चामोर्शीपर्यंत त्यांनी तीनदा गाडी थांबवायला सांगितली, आणि तीनदा म्हणाले, नाही, चला.

दुपारी मांडव भरला होता. बायकांच्या बाजूला धनराजच्या बायकोशेजारी मनकर्णाबाई बसल्या होत्या. मधल्या वेळात नानाजींनी दोन बांबू रोवून त्यांच्यात ते दार उभं केलं. दार दिसताच मनकर्णाबाईंची मान वर झाली. आपलं दार कुणीही ओळखतं.

लटारूभाऊ डेपोच्या खाकी कपड्यांत आले. कडी लावली, चार पावलं गेले, परत येऊन ओढून पाहिली. पुन्हा गेले, पुन्हा आले. लोक हसले. सोंग छान वठलंय असं त्यांना वाटलं. सातव्या-आठव्या वेळेला हसणं कमी झालं. बाराव्या वेळेला एक लहान मूल तेवढं हसलं, त्याच्या आईनं त्याला गप्प केलं. लटारूभाऊंचा शर्ट पाठीला चिकटला होता. हे सोंग नव्हे हे मांडवाला समजलं होतं. मग ते दाराला पाठ लावून उभे राहिले. त्यांना माइक दिला होता, तो त्यांनी खाली ठेवला.

"कडी लागली नाई त मनकर्णा मरंल," ते म्हणाले. "बावीस वर्सं झाली, मले असं वाटते." त्यांनी हात मागे नेऊन कडी घट्ट धरली. "आन हे बोललो त नक्की मरंल. म्हनून बोललो नाई. तुह्यावर संशेव कधीच नोयता."

आणि ते बायकांच्या बाजूला बघत उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत मी जे पाहिलं ते कुठल्या नटाला जमायचं नाही, कारण ते खरोखर वाट बघत होते की ती आता मरते की काय.

मनकर्णाबाई उठल्या. बायकांतून वाट काढत त्या पुढे आल्या आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"मी आहो," त्या म्हणाल्या.

लटारूभाऊ खाली बसले. बाईंनी दारावरून हात फिरवला, रिकाम्या बिजागऱ्या पाहिल्या आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. "घर उघडं टाकून आले तुमी?" लटारूभाऊंनी मान हलवली. जो माणूस लावलेली कडी वीस वेळा ओढल्याशिवाय कामावर जात नव्हता, तो दारच काढून घेऊन आला होता. बाईंनी पदर तोंडाला लावला. बावीस वर्षांत त्या चारचौघांत जेवढ्या रडल्या नव्हत्या, तेवढ्या त्या दुपारी रडल्या. धनराज मान खाली घालून मांडवाबाहेर गेला. नानाजींनी डोळे पुसले आणि पुढचं गाणं सुरू करायला सांगितलं, कारण दंडार थांबत नाही.

त्याच पिकअपमधून दोघं संध्याकाळच्या आत आलापल्लीला परतले. घरातली वाटीही हलली नव्हती, फक्त एक कोंबडी आत येऊन चुलीपाशी बसली होती. दार बिजागरीत चढवताना खालची बाजू मनकर्णाबाईंनी धरली.

तो सिनेमा आठवडाभरात उतरला. 'सत्तावीस पायऱ्या' कपाटात आहे, पुठ्ठा मी नवा लावला. लटारूभाऊंचा आजार गेला असं मी म्हणणार नाही. गोळ्या चालू आहेत, कडी तीनदा-चारदा ओढतात, आणि महिन्यातून एखाद्या दुपारी घामेजलेले सायकल मारत घरी येतात. दारात बसून आता मनकर्णाबाई शेजारणींशी गप्पा मारत असतात. लटारूभाऊ विचारतात, कोणी आलं होतं का? बाई हातातलं काम न सोडता सांगतात, "कोणी नाई आलं. मी जित्ती आहो. जा कामावर."